चाळिसावा हिस्सा कोणाचा?

जेवणं आटोपली असतील, भांडी पालथी घालून झाली असतील. आता पंधरा मिनिटं माझ्याजवळ बसा. आज बचत गटाच्या वहीतून निघून जरा इतिहासाकडे जाऊ या.

जकात म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकींना आठवतो तो जकात नाका. शहराच्या वेशीवर ट्रकांची रांग, खिडकीत बसलेला कारकून, हातात पावती. मुंबईतली ही जकात १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा बंद झाली. पण बसच्या कितीतरी थांब्यांना लोक अजून 'जकात नाका'च म्हणतात. मीही कित्येक वर्षं जकात म्हणजे नाक्यावरचा कर एवढंच समजत होते. माझं अज्ञान उघडं पडलं ते गटाच्या एका बैठकीत.

खाडीकाठचं गाव. बारा जणींचा गट, त्यातल्या पाच मुस्लिम. रमजानचे दिवस होते. सोलापूरकडून लग्न होऊन आमच्या कोकणात आलेल्या एक भाभी शिवणकाम करतात. त्यांनी बचतीतून ६,००० रुपये काढायला मागितले. मी विचारलं, "कशाला?" त्या म्हणाल्या, "जकात द्यायचीय." मी समन्वयक, माझं लक्ष वहीकडे. मी म्हटलं, "भाभी, या महिन्यात हप्ता आहे. दानधर्म पुढच्या महिन्यात केलात तरी चालेल की."

भाभींनी पासबुक मिटलं आणि हळूच म्हणाल्या, "ताई, दान असतं तर थांबले असते. हे पैसे माझे नाहीतच. वर्षभर माझ्याकडे राहिले, एवढंच."

एवढ्यात शेजारी बसलेल्या खाला म्हणाल्या, "अगं, कसली जकात काढतेस? रोज घालायच्या दागिन्यांवर आमच्यात जकात नाही." दोघी मुस्लिम, दोघी पाच वेळा नमाज पढणाऱ्या, आणि दोघींचं उत्तर वेगळं! मला वाटलं, दोघींपैकी एक चुकत असणार. घरी आल्यावर बी. ए.ची इतिहासाची पुस्तकं काढली, ग्रंथालयातून आणखी आणली, जाणकारांना विचारलं. तेव्हा कळलं की चूक दोघींचीही नव्हती. चूक माझी होती.

आता मुळापासून सांगते. जकात हा अरबी शब्द. त्याच्या मुळाशी दोन अर्थ आहेत : वाढणं आणि शुद्ध होणं. माळी फांद्या छाटतो तेव्हा झाड वाढतं, तसंच काहीसं. इस्लामच्या पाच स्तंभांपैकी हा एक. मक्केत असताना पैगंबर मुहम्मद यांनी गरिबांना देण्याबद्दल सांगितलं होतंच. पण किती, कशावर, कधी, हे ठरलं ते मदिनेत. हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इसवी सन ६२४च्या सुमारास जकात बंधनकारक झाली, असं परंपरा मानते. मनाला येईल तसं दिलेलं दान म्हणजे सदका. ईदच्या नमाजाआधी घरातल्या माणशी मोजून धान्य किंवा त्याची किंमत देतात तो फितरा. आणि मालमत्तेचा हिशोब मांडून दिलीच पाहिजे अशी ती जकात. तिन्हींचे खाने वेगळे.

आपल्या गटात जसं कोणी, कशावर, किती भरायचं ते ठरलेलं असतं, तसंच इथेही आहे. ज्याच्याकडे ठराविक मर्यादेच्या वर मालमत्ता आहे आणि ती चांद्रवर्षभर हातात राहिली आहे, त्याच्यावरच जकात लागते. या मर्यादेला 'निसाब' म्हणतात. चांदीचे २०० दिरहम किंवा सोन्याचे २० दिनार, हा त्या काळचा निसाब. त्याच्या वर असेल तर रोकड, सोनं, चांदी आणि विक्रीचा माल या सगळ्याच्या किमतीचा चाळिसावा हिस्सा द्यायचा. म्हणजे अडीच टक्के, हजारी २५ रुपये. भाभींचा हिशोब २,४०,००० रुपयांचा होता, म्हणून ६,०००.

राहतं घर, अंगावरचे कपडे, घरातली भांडीकुंडी, धंद्याची हत्यारं यांवर जकात नाही. भाभींच्या शिलाई मशीनवर नाही, पण विकायला शिवून ठेवलेल्या कपड्यांवर आहे. ज्याच्यावर पोट चालतं ते मोजायचं नाही, जे साठतं ते मोजायचं.

अरबस्तानात तेव्हा संपत्ती म्हणजे मुख्यतः जनावरं. पाच उंट झाले की एक बकरी. चाळीस शेळ्यामेंढ्यांवर एक. तीस गुरांवर एक वासरू. शेतीचा नियम तर आपल्या शेतकरी बायकांना चटकन कळेल. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, आणि मोटेनं किंवा पैसे खर्चून पाणी दिलं असेल तर विसावा. कोरडवाहूला दहा टक्के, ओलिताला पाच. पाणी काढायला जो घाम आणि खर्च लागला तो धरून निम्मा सोडलेला. आणि पिकाला वर्षभर थांबायचं नाही, कापणीच्या वेळीच द्यायचं.

आता ही रक्कम जाते कुठे? कुराणाच्या नवव्या अध्यायात आठ प्रकारचे लोक सांगितले आहेत : गरीब, अगदी निराधार, जकात गोळा करणारे कर्मचारी, ज्यांची मनं जोडून घ्यायची आहेत असे लोक, गुलामगिरीतून सोडवायचे लोक, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या मार्गातलं काम आणि वाटेत अडकलेला प्रवासी. यातले दोन खाने मला आपल्या कामामुळे विशेष वाटले. एक, गोळा करणाऱ्याचा मेहनताना त्याच रकमेतून, उघडपणे. म्हणजे त्यानं परस्पर हात मारायचं कारण उरू नये. दुसरा, कर्जात बुडालेला माणूस. चौदाशे वर्षांपूर्वी कर्जबाजारी माणसाचं नाव यादीत वेगळं घातलेलं आहे. हप्त्याच्या दिवशी दाराला आतून कडी लावून बसणारी बाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्याचं मोल सांगायला नको.

कोणाला देता येत नाही हेही ठरलेलं आहे. आईवडील, आजीआजोबा, मुलं, नातवंडं यांना जकात देता येत नाही. त्यांना सांभाळणं हे कर्तव्यच आहे. त्याला जकातीचं नाव देऊन सुटका नाही. गरीब भाऊ-बहीण, आत्या, मावशी यांना मात्र देता येते.

पैगंबरांनी मुआज इब्न जबल या सहकाऱ्याला येमेनला पाठवलं तेव्हा दोन गोष्टी बजावल्या होत्या. तिथल्या श्रीमंतांकडून घ्यायचं ते तिथल्याच गरिबांना द्यायचं. आणि घेताना लोकांचं सगळ्यात चांगलं जनावर निवडून उचलायचं नाही. गावचा पैसा आधी गावात, हे तत्त्व तेव्हाचं.

पण मैत्रिणींनो, नियम कितीही चांगला असला तरी खरा प्रश्न येतो तो वही कोणी सांभाळायची हा. आपल्या गटांतही भांडणं बचतीवरून होत नाहीत, वहीवरून होतात. जकातीचा इतिहासही तसाच आहे.

६३२ साली पैगंबर वारले. काही टोळ्या म्हणाल्या, आम्ही नमाज पढू, पण मदिनेला जकात देणार नाही. हजरत उमर यांना आधी वाटलं की यांच्याशी लढू नये. पहिले खलिफा हजरत अबू बक्र मात्र ठाम राहिले. नमाज आणि जकात वेगळी करता येणार नाही, असं म्हणून त्यांनी लढाई केली. त्यात धर्म होता आणि राज्य टिकवण्याचा प्रश्नही होता.

दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या काळात, ६३९च्या सुमारास अरबस्तानात मोठा दुष्काळ पडला. माती राखेसारखी उडत होती, म्हणून त्याला 'राखेचं वर्ष' म्हणतात. त्या वर्षी उमर यांनी जनावरांची जकात वसूल केली नाही. पाऊस पडून लोक सावरल्यावर दोन्ही वर्षांची एकदम घेतली, आणि त्यातली एका वर्षाची तिथल्या तिथे गरिबांत वाटायला लावली. दुष्काळात वसुली थांबवायची की नाही, हा प्रश्न आपल्या मराठवाड्यातल्या बायकांना किती जवळचा आहे, ते मी वेगळं सांगत नाही.

तिसरे खलिफा हजरत उस्मान यांच्या वेळी आणखी एक बदल झाला. जनावरं आणि पीक उघड्यावर दिसतं, ते सरकारनं मोजावं. पण घरातली रोकड, सोनं, चांदी मोजायला माणसं पाठवायची म्हणजे घराघरांत शिरणं आलं. म्हणून झाकलेल्या संपत्तीचा हिशोब ज्याचा त्यानं करावा आणि स्वतःच द्यावा, अशी रीत पडली. कपाटातल्या सोन्याचा हिशोब भाभी स्वतः मांडतात, त्याचं मूळ इथे आहे.

पुढे आठव्या शतकात बगदादच्या खलिफा हारून रशीद यांना अबू यूसुफ या न्यायाधीशांनी करांवर एक ग्रंथ लिहून दिला. त्यात त्यांनी सांगितलं की जकातीचे पैसे जमीन महसुलात मिसळू नका, तिची माणसंही वेगळी ठेवा. महसूल सगळ्यांचा, जकात ठरलेल्या आठांची. याच ग्रंथात उमर यांची एक गोष्ट आहे. दारोदार भीक मागणारा एक म्हातारा, आंधळा ज्यू त्यांना दिसला. त्यांनी त्याचा कर माफ केला आणि खजिन्यातून त्याला मदत लावून दिली. बहुतेक धर्मशास्त्री जकात मुस्लिम गरजूंसाठीच मानतात आणि इतरांना सदका द्यावा म्हणतात. तरी ही गोष्टही त्याच परंपरेत जपलेली आहे.

अबू यूसुफांचा सल्ला राज्यकर्त्यांनी नेहमी पाळला असं नाही. आपला 'जकात नाका' हा त्याचाच पुरावा. व्यापाऱ्याचा माल हाही जकातीचा विषय, म्हणून उमर यांच्या काळापासून वाटांवर वसुलीची ठाणी होती. मुस्लिम व्यापाऱ्याकडून अडीच टक्के, राज्यातल्या इतर धर्मीयांकडून पाच आणि परक्या राज्यातून आलेल्याकडून दहा. हळूहळू मालावरच्या कुठल्याही कराला जकात म्हणू लागले. दिल्लीचा फिरोजशाह तुघलक याने चौदाव्या शतकात बरेच कर रद्द करून चार ठेवले, त्यांत जकात होती. औरंगजेबाने १६६५ साली मालावर मुस्लिमांकडून अडीच आणि हिंदूंकडून पाच टक्के असे दर लावले, आणि दोनच वर्षांनी मुस्लिमांना ते माफ केले. गरिबांचा हक्क म्हणून सुरू झालेली गोष्ट इथे राजाच्या तिजोरीची आणि भेदभावाची झाली होती.

आपल्या मराठी कागदांत जकात शब्द आला तो याच नाक्यावरच्या अर्थानं. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला मिठाबद्दल पत्र लिहिलं. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशातून स्वस्त मीठ येऊन आपल्या संगमेश्वराकडचं मीठ पडून राहू नये, म्हणून त्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितलं. राज्यकारभाराच्या दृष्टीनं ते शहाणपणाचंच होतं. पण त्या जकातीचा आणि भाभींच्या जकातीचा संबंध आता फक्त नावापुरता उरला होता. नाक्यावरची जकात राज्याची. घरातली जकात मात्र बाया-पुरुषांनी शतकानुशतकं आपापल्या हिशोबानं चालू ठेवली.

आता येऊ या भाभी आणि खालांच्या वादाकडे. वाद सोन्याचा आहे, म्हणजे आपलाच.

पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्याबद्दल दोन आठवणी सांगतात. एकीत त्यांच्या बोटांत चांदीच्या अंगठ्या पाहून पैगंबर विचारतात, यांची जकात देतेस का? दुसरीत आयेशा आपल्या भावाच्या अनाथ मुलींना सांभाळत होत्या. त्या मुलींच्या अंगावर दागिने होते आणि आयेशा त्यांची जकात काढत नव्हत्या. या आणि अशा आठवणींवरून धर्मशास्त्र्यांची मतं दोन झाली. हनफी पंथ म्हणतो, सोनं-चांदी कुठल्याही रूपात असो, जकात आहे. शाफई, मालिकी आणि हंबली म्हणतात, वापरातल्या दागिन्यांवर नाही. पण पैसे गुंतवायचे म्हणून घेऊन ठेवलेल्या सोन्यावर आहे.

आपल्या कोकणातले मुस्लिम बहुतांशी शाफई आहेत. समुद्रावरून अरब व्यापारी येत-जात, त्यांच्याबरोबर तो पंथ इथे रुजला. घाटावरचे बहुतेक हनफी. म्हणून खाडीकाठच्या खाला आणि सोलापूरच्या भाभी एकाच सतरंजीवर बसून दोन उत्तरं देत होत्या, आणि दोन्ही बरोबर होती.

हिशोब करताना एक फसगत होते, ती मात्र सांगून ठेवते. आपल्याकडे निसाब साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी असा सांगतात. हा तोळा जुना, साधारण ११.६६ ग्रॅमचा. आज सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतो. म्हणून ग्रॅमवर मोजावं : सोनं ८७.४८ ग्रॅम, चांदी ६१२.३६ ग्रॅम. काही जण ८५ आणि ५९५ ग्रॅम धरतात. आणखी एक. जुन्या काळी या दोन्हींची किंमत जवळपास सारखी होती. आज सोनं कुठल्या कुठे गेलं आणि चांदी खाली राहिली. चांदीचा निसाब धरला तर थोडी रोकड आणि एखादी सोन्याची साखळी असलेली बाईही जकात देणारी ठरते. सोन्याचा धरला तर तीच बाई जकात घेणारी ठरू शकते. यावर अभ्यासक आजही चर्चा करतात. ज्या घरात हा प्रश्न येईल त्यांनी आपल्या जाणत्याला विचारावं.

पण या सगळ्यात मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटली ती वेगळीच. इस्लामी कायद्यात बाईचा मेहेर, तिचे दागिने, तिची कमाई तिच्या एकटीची असते. म्हणून त्यावरची जकातही तिच्या एकटीवर. नवऱ्यानं भरली तर ती तिच्या वतीनं, तिला विचारून. मदिनेतल्या झैनब यांची गोष्ट ऐका. त्यांचे पती अब्दुल्ला इब्न मसऊद गरीब होते, झैनब हातच्या कामावर कमवत. पैगंबरांनी बायकांना सांगितलं होतं, द्या, अगदी दागिन्यांतूनही द्या. झैनब यांना प्रश्न पडला, मी माझ्याच नवऱ्याला आणि घरात सांभाळलेल्या अनाथांना दिलं तर चालेल का? त्या विचारायला गेल्या, तर दारात आणखी एक बाई तोच प्रश्न घेऊन उभी! उत्तर आलं, चालेल, आणि पुण्य दुप्पट : एक देण्याचं, एक नातं सांभाळण्याचं. हे देणं जकात होती की सदका, यावर पंडितांत मतभेद आहेत. पण मला तो दारातला क्षण महत्त्वाचा वाटतो. दोन बायका आपापल्या पैशाचा हिशोब आपण विचारायला गेल्या होत्या.

मी गटांची माहिती भरते तेव्हा विचारते, "ताई, तुमच्या नावावर काय आहे?" दहांतल्या नऊ जणी म्हणतात, "घरचं आहे ना सगळं." भाभींनी मात्र मला ग्रॅममध्ये सांगितलं. दरवर्षी मोजतात ना! यातलं चाळिसावं माझं नाही, हे ठरवायला आधी उरलेलं एकोणचाळीस भाग माझं आहे, हे माहीत असावं लागतं.

आज काही देशांत सरकार जकात गोळा करतं. पाकिस्तानात १९८०च्या कायद्यानं बँकेतल्या बचत खात्यांतून रमजानच्या पहिल्या दिवशी जकात कापायला सुरुवात झाली. शिया समाजानं मोठा विरोध केला आणि त्यांना सूट मिळाली. कितीतरी लोक रमजानच्या आधीच पैसे काढून घेऊ लागले. मलेशियात राज्याराज्यांच्या धार्मिक संस्था हे काम करतात. आपल्या देशात मात्र ते ज्याच्या त्याच्या मनावर आहे. कोणी मदरशाला देतं, कोणी संस्थेला, कोणी ओळखीच्या गरजूला. आमच्या कोकणात आखातातून, मुंबईतून माणसं रमजानला पैसे पाठवतात आणि घरातल्या बायका यादी करतात. कोणाकडे द्यायचं हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

भाभींना मी त्या दिवशी पैसे दिले. आता त्यांच्या पासबुकाच्या पहिल्या पानावर त्यांची जकातीची तारीख लिहिली आहे. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, त्यामुळे ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. त्या महिन्यात हप्ता कसा बसवायचा ते आम्ही आधीच ठरवतो.

एक प्रसंग सांगून थांबते. आमच्याच गटातल्या एका विधवा बहिणीनं खासगी कर्ज घेतलं होतं. दर आठवड्याचा हप्ता तिला पुरेना. एका रमजानमध्ये तिचं कर्ज फिटलं. मोहल्ल्यातल्या कोणीतरी जकातीतून भरलं. तिला त्याची फार लाज वाटली. दोन बैठकांना ती आलीच नाही. शेवटी खाला तिच्या दारात जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "लाज कसली? कोणी उपकार केला नाही तुझ्यावर. त्यांच्याकडे तुझं होतं, त्यांनी परत केलं."

तिसऱ्या बैठकीला ती आली. शंभर रुपये बचत भरली आणि सही केली.

बरं तर मैत्रिणींनो, पुढच्या वेळेपर्यंत एक काम करा. आपल्या नावावर काय-काय आहे, ते एका कागदावर लिहून काढा. धर्म कोणताही असो. नमस्कार!